लेन्स सॉफ्ट आहे की चाचणी कच्ची? कॉपी-कॉपीतला फरक ओळखण्याबद्दल

तिपाई

'माझी कॉपी सॉफ्ट आहे का?' हा प्रश्न इथे वरचेवर येतो. कॉपी म्हणजे त्या मॉडेलच्या लेन्सचा आपल्या हातातला नग, आणि सॉफ्ट म्हणजे मऊ, कमी शार्प चित्र देणारी. सोबत विटांच्या भिंतीचा एक फोटो असतो, त्यातला एखादा कोपरा मोठा करून लाल चौकटीत दाखवलेला. खाली भराभर प्रतिसाद पडतात: डीसेंटर्ड (आतली काच मध्यापासून सरकलेली) आहे, परत करा, बदलून घ्या. चार-पाच प्रतिसादांत लेन्सचा निकाल लागतो. ही घाई बघून मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्या फोटोवरून बहुतेक वेळा काहीच सिद्ध होत नाही. लेन्स खरोखर खराब असू शकते, नाही असं नाही. पण त्याच फोटोत भिंत आहे, ट्रायपॉड आहे, फोकस आहे, कॅमेऱ्याची बॉडी आहे. त्यांची तपासणी कुणीच केलेली नसते.

एकाच मॉडेलच्या दोन लेन्स हुबेहूब सारख्या नसतात, हे आधी मान्य करू. आत दहा-पंधरा काचा, त्यांच्यामधली अंतरं, प्रत्येक काचेचा कल, मध्यापासून तिचं सरकणं, या सगळ्याला कारखान्यात थोडी सूट ठेवावीच लागते. ही सूट कुठे खर्च झाली त्यावर दोष कसा दिसेल ते ठरतं. काचांमधलं अंतर चुकलं की स्फेरिकल ॲबरेशन (कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळणं) वाढतं आणि सगळंच चित्र जरा मऊ होतं. एखादी काच तिरकी बसली की फोकसचं प्रतलच कलतं, म्हणजे एका बाजूला जवळचं शार्प आणि दुसऱ्या बाजूला लांबचं. काच मध्यापासून सरकली तर चित्राच्या अगदी मध्यभागीसुद्धा प्रकाशबिंदूला शेपूट फुटतं. झूममध्ये काचांचे गट मागेपुढे सरकतात, त्यामुळे तिथे हे सगळं जास्त. मोठ्या ॲपर्चरच्या लेन्समध्येही जास्त, कारण तिथे चूक लपायला जागाच नसते.

लेन्सरेंटल्सच्या रॉजर सिकाला यांचं काम यासाठी जरूर बघा. त्यांनी लेन्स भाड्याने देण्याच्या व्यवसायातून हाताशी आलेल्या एकेका मॉडेलच्या १० कॉपी ऑप्टिकल बेंचवर मोजून आलेख प्रसिद्ध केले. त्यात सरासरीची एक रेष असते आणि तिच्याभोवती कॉपींच्या फरकाचा पट्टा. काही मॉडेलचा पट्टा अरुंद, काहींचा चांगलाच रुंद. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या हातात बहुधा एकच कॉपी असते आणि ती त्या पट्ट्यात कुठे बसते हे त्यालाही ठाऊक नसतं. दोन रिव्ह्यूंचे निष्कर्ष उलटसुलट निघतात त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

आता भिंतीकडे येऊ. एक हिशेब मांडतो. ५० मिमी एफ/१.४ लेन्स, २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा. भिंत अडीच मीटरवर. पिक्सेलइतकी बारकाई धरली तर फोकसच्या पुढे आणि मागे मिळून सुमारे ४ सेंटिमीटर जागा मिळते, म्हणजे एका बाजूला २. फ्रेममध्ये भिंत पावणेदोन मीटर रुंद दिसते. कॅमेरा भिंतीला फक्त १ अंश तिरका असला, तर फ्रेमच्या कडेला फोकसचं प्रतल भिंतीपासून दीड सेंटिमीटर सरकतं. दीड अंशाला तर कड फोकसबाहेरच गेली. आणि दीड अंश तिरकेपणा डोळ्यांना कळत नाही! असा एक कोपरा मऊ आला की दोष लेन्सच्या माथी.

समांतरपणा साधायचा सोपा उपाय आरसा. सपाट आरसा भिंतीला टेकवून लावा आणि लाईव्ह व्ह्यूमध्ये कॅमेऱ्याचं प्रतिबिंब बघा. लेन्सच्या तोंडाचा मध्य बरोबर फ्रेमच्या मध्यावर आला की कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे. (प्रतिबिंबावर फोकस करताना ते भिंतीच्या दुप्पट अंतरावर असतं हे ध्यानात ठेवा.) मग आरसा काढा, बाकी काही हलवू नका. भिंतीपेक्षा बारीक छपाईचे सारखे कागद मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत लावलेले बरे. वरच्या मांडणीत सेन्सरचा एक पिक्सेल भिंतीवर साधारण ०.३ मिमी जागा व्यापतो, त्यामुळे साध्या लेझर प्रिंटरची छपाई पुरेशी आहे.

स्टॅबिलायझेशन बंद, सर्वांत कमी आयएसओ, टायमर, शक्य तर इलेक्ट्रॉनिक शटर. फोकस लाईव्ह व्ह्यू मोठा करून हाताने. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, हे आवर्जून सांगतो. सेन्सरच्या बाजूला फोकसची मोकळीक ॲपर्चरच्या आकड्याच्या प्रमाणात वाढते: ६ मायक्रॉनच्या हिशेबाने एफ/१.४ ला दोन्हीकडे जेमतेम ८ मायक्रॉन, एफ/८ ला ४८. एफ/८ वर काचेचा कल त्या मोकळिकीत गडप होतो आणि लेन्स निर्दोष दिसते. चाचणी एफ/८ वर करून 'माझी कॉपी उत्तम' म्हणण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आणि ज्यासाठी हा धागा काढला ती गोष्ट. वजन करण्याआधी तराजूला पासंग आहे का ते बघतात. इथेही तेच करा. दुसरी कॉपी आणण्याआधी एकाच लेन्सची तीच चाचणी पुन्हा पुन्हा करा. प्रत्येक वेळी फोकस पूर्ण बिघडवून नव्याने लावा, एकदा जवळच्या बाजूने येत, एकदा लांबच्या बाजूने. शक्य असेल तर ट्रायपॉड उचलून परत मांडा. आता हे सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवा. एकाच लेन्सच्या निकालांत जेवढा फरक पडला तेवढी तुमच्या चाचणीची चूक. दोन कॉपींमधला फरक त्याहून स्पष्ट मोठा असेल तरच तो खरा. नाहीतर दोन्ही कॉपी तुमच्यापुरत्या सारख्या.

वेगळे अनुभव, वेगळ्या पद्धती असतील तर लिहा. इथे एक चांगला साठा होऊ दे.


रानपाखरू

वाखूसा (वाचनखूण साठवली). आरशाची युक्ती माहीत नव्हती, फार उपयोगाची आहे.


बारीकसारीक

तिपाई, विषय नेमका पकडलात. मी मापनाच्या क्षेत्रात काम करतो, लेन्सच्या नाही, पण तत्त्व तेच: उपकरणाचा आणि पद्धतीचा विखुरलेपणा कळल्याशिवाय मोजमापाला किंमत नाही.

एमटीएफ आलेखांबद्दल (लेन्स किती बारीक तपशील किती कॉन्ट्रास्टने दाखवते त्याचे आलेख) थोडं लिहितो, कारण कॉपी तपासताना लोक कंपनीचा आलेख पुढे धरतात. आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासूनचं अंतर असतं, उभ्या अक्षावर कॉन्ट्रास्ट. मिलिमीटरला १० रेषाजोड्यांची ओळ जाड तपशिलाचा कॉन्ट्रास्ट सांगते, ३० ची ओळ बारीक तपशिलाचा. प्रत्येकीच्या दोन रेषा असतात, एक मध्यातून बाहेर जाणाऱ्या दिशेची, दुसरी तिला काटकोनात. या दोघी एकमेकींपासून दूर गेल्या की ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन दिशांच्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर फोकस होणं.

पण कॉपीच्या दृष्टीने त्यात दोन अडचणी आहेत. एक, अनेक कंपन्या देतात तो आलेख डिझाइनवरून गणिताने काढलेला असतो. प्रत्यक्ष काच मोजलेली नसते. झाइस मोजलेले आलेख देते, पण असे थोडे. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. तो आलेख मध्यापासून एकाच दिशेने कोपऱ्यापर्यंत जातो. डावा कोपरा आणि उजवा कोपरा वेगळे असू शकतात ही शक्यताच त्यात धरलेली नाही. डीसेंटरिंग म्हणजे नेमकी हीच असमानता. तेव्हा आपल्या कॉपीचा डावा कोपरा मऊ आहे की नाही याचं उत्तर त्या आलेखात शोधून मिळणार नाही.

आकड्यांत मोजायचं असेल तर तिरप्या कडेची पद्धत घ्या, तीच आयएसओ १२२३३ या मानकातही आहे. काळ्या-पांढऱ्याची सरळ कड सेन्सरच्या ओळींना साधारण ५ अंश तिरकी ठेवतात. त्यामुळे ती प्रत्येक ओळीत पिक्सेलला किंचित वेगळ्या जागी छेदते आणि पिक्सेलपेक्षा बारीक मोजमाप मिळतं. एमटीएफ मॅपर हा फ्रान्स व्हॅन डेन बर्ग यांचा मोफत प्रोग्राम हे उत्तम करतो. १९५१ चा यूएसएएफ तक्ता (बारीक होत जाणाऱ्या रेषांच्या गटांचा) फिल्मच्या काळात ठीक होता. आता डोळ्यांनी 'कुठली रेष वेगळी दिसते' ठरवायला गेलं की सेन्सरच्या जाळीमुळे खोट्या रेषा उमटतात आणि माणूस फसतो.

एक विनंती: एका कॅमेऱ्यावर आलेला एमटीएफ ५० चा (कॉन्ट्रास्ट निम्मा होतो तिथल्या बारकाईचा) आकडा दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या आकड्याशी लावू नका. त्यात सेन्सर, रॉ प्रोसेसिंग, शार्पनिंग सगळं मिसळलेलं असतं.


छायाप्रकाश

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो नेहमीच्या ९६ पीपीआयच्या (इंचाला ९६ पिक्सेल) पडद्यावर शंभर टक्के उघडणं म्हणजे दीड मीटरहून रुंद प्रिंट हातभर अंतरावरून बघणं. असं प्रिंट कुणी बघतं का? ए३ प्रिंटला ३०० पीपीआयने सुद्धा ५००० पिक्सेल लागत नाहीत. त्यात कोपऱ्याचा तो फरक दिसतच नाही. नवी लेन्स आली की माणसांचे, रस्त्यांचे, झाडांचे फोटो काढा. महिनाभर वापरून काही खटकलं नाही तर लेन्स चांगली. या तपासण्यांनी लोकांच्या मनात नसलेला संशय भरतो.


तिपाई

छायाप्रकाश, राग कशाचा? तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं. कोपऱ्याचा जो फरक फक्त शंभर टक्क्यांवर दिसतो तो बहुतेकांनी सोडून द्यावा. समान कॉपींमधून 'सर्वोत्तम' शोधत पाच-सहा लेन्स मागवणं आणि परत करणं मला अजिबात पसंत नाही.

पण महिनाभर वापरून बघण्यात एक गफलत आहे. नेहमीच्या फोटोंत दोष लपतो, कारण कोपऱ्यात बहुधा आकाश किंवा धूसर पार्श्वभूमी असते. कल असलेली लेन्स तुम्ही महिनाभर आनंदाने वापराल, आणि ज्या दिवशी मोठ्या गटाचा फोटो पूर्ण ॲपर्चरला काढाल त्या दिवशी उजव्या टोकाचे चेहरे मऊ येतील. तोवर परत करायची मुदत गेलेली असते. एक संध्याकाळ नीट तपासणीला द्यावी आणि मग लेन्सवर पूर्ण विश्वास ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. संशय अर्धवट चाचणीने वाढतो. पूर्ण चाचणीने बहुतेक वेळा तो मिटतो.


पाणकोंबडा

योग्य वेळी धागा आला. माझी नवी १६-३५ एफ/२.८. १६ मिमीला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर वरचा डावा कोपरा मऊ वाटतो. आरसा लावून भिंत समांतर केली, तरी तसंच. एफ/८ ला जवळपास ठीक. ३५ ला ठीक. ही डीसेंटरिंगची केस आहे की फील्ड कर्व्हेचर? दोन्ही शब्द सगळीकडे वाचले, पण ओळखायचं कसं ते समजलं नाही.


तिपाई

पाणकोंबडा, दोन गोष्टी करून बघा.

पहिली: फोकस मध्यावर न करता थेट त्या मऊ कोपऱ्यात करा, हाताने, लाईव्ह व्ह्यू तिथे नेऊन. मग बाकीच्या तीन कोपऱ्यांतही एकेक करून तसंच. कोपऱ्यात फोकस केल्यावर तो कोपरा झकास शार्प होत असेल तर काच तिथे चांगली आहे, फक्त फोकसचं प्रतल तिथे पुढे किंवा मागे गेलंय. चारही कोपऱ्यांना फोकस एकाच दिशेला साधारण सारखा सरकवावा लागला तर फील्ड कर्व्हेचर, म्हणजे फोकसचं प्रतल सपाट नसून वाकलेलं. तो डिझाइनचा स्वभाव आहे, त्या मॉडेलच्या सगळ्या कॉपींत सापडेल. चित्राच्या एका बाजूच्या कोपऱ्यांना एका दिशेला आणि समोरच्यांना उलट दिशेला सरकवावा लागला तर कल. आणि कितीही फोकस फिरवला तरी तो कोपरा शार्प होतच नाही, बाकीचे तीन होतात, तर डीसेंटरिंगची शक्यता जास्त.

दुसरी: कॅमेरा १८० अंश उलटा करून परत फोटो काढा. ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा लावता येत असेल तर सोपं जातं. समांतरपणा आरशाने परत साधा. फोटो आपोआप फिरवण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर गोंधळ होतो. मऊ भाग फाईलच्या त्याच कोपऱ्यात राहिला, म्हणजे भिंतीच्या विरुद्ध टोकाला गेला, तर दोष कॅमेरा आणि लेन्सकडे. भिंतीच्या त्याच टोकाला चिकटून राहिला तर दोष मांडणीत.

लेन्सचा की बॉडीचा, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी दुसरी लेन्स त्याच बॉडीवर लावून बघा. सगळ्या लेन्सना तोच कोपरा मऊ येत असेल तर माउंट किंवा सेन्सर तिरका. ॲडॅप्टर वापरत असाल तर काढाच. ०.०२ मिमीचा फरक म्हणजे २० मायक्रॉन. वर लिहिलेल्या मोकळिकीच्या तुलनेत किती मोठा ते बघा.


दूरदर्शी

या सगळ्यात भिंतीपेक्षा सोपं लक्ष्य डोक्यावर आहे, त्याचा उल्लेख अजून कुणी केला नाही. तारे!

आम्ही दुर्बिणीचे आरसे जुळवताना नेहमी ताऱ्याचीच चाचणी करतो. कॅमेऱ्याच्या लेन्सला तर ती अधिकच सोयीची, कारण सगळे तारे लेन्सच्या दृष्टीने अनंत अंतरावर असतात. भिंत समांतर आहे का, हा प्रश्नच उरत नाही. वाइड लेन्सला जवळची भिंत दाखवण्यात आणखी एक गोम आहे. १६ मिमीला ती भिंत मीटरभर अंतरावर येते, आणि लेन्सचं जवळचं वागणं आणि अनंतावरचं वागणं वेगळं असतं. निसर्गचित्रांसाठी घेतलेली लेन्स मीटरभरावर तपासून काय कळणार?

कसं करायचं: ट्रायपॉड, पूर्ण उघडं ॲपर्चर, ठळक ताऱ्यावर लाईव्ह व्ह्यूमध्ये हाताने फोकस. शटरवेळ कमी ठेवा. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद फिरतं. २४ मिमी लेन्स आणि ६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर तारा साधारण साडेतीन सेकंदांत एक पिक्सेल सरकतो. तेव्हा दोन-तीन सेकंदांवर जाऊ नका, आयएसओ वाढवा. इथे आपल्याला ठिपक्याचा आकार बघायचाय, नॉइज नाही.

आता चारही कोपऱ्यांतले तारे बघा. वाइड लेन्सला कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटतातच, कोमा (बिंदूला धूमकेतूसारखं शेपूट) आणि ॲस्टिग्मॅटिझम मिळून. त्याने घाबरू नका, ते डिझाइनमधलं आहे. बघायचं ते हे, की चारही कोपऱ्यांतले पंख सारख्या आकाराचे आणि मध्याच्या संदर्भात सारखे वळलेले आहेत का. तीन कोपऱ्यांत लहान पक्षी आणि चौथ्यात लांबडी रेघ, तर तिथे काहीतरी बिनसलंय. आणि मध्यातला तारा गोल हवा. मध्यातच शेपूट असेल तर त्या कॉपीबद्दल शंकेला जागा नाही.

आकाश ढगाळ असेल तर अंधाऱ्या खोलीत ॲल्युमिनियमच्या फॉइलला टाचणीने भोक पाडून मागे टॉर्च ठेवा, कॅमेरा जमेल तितका लांब. बिंदू फ्रेमच्या बरोबर मध्यावर आणा आणि फोकस किंचित बिघडवा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. बिंदूची चकती होते आणि तिच्यात कडी दिसतात. कडी एककेंद्री असतील तर काचा एका अक्षावर आहेत. केंद्र एका अंगाला सरकलेलं दिसलं तर डीसेंटरिंग. या चाचणीला तक्ता लागत नाही, शार्पनिंगचा प्रश्न येत नाही, आणि एकदा नजर बसली की दोष क्षणात ओळखू येतो.


रानपाखरू

टेलीवाल्यांनी काय करायचं? १५०-६०० आहे माझ्याकडे. ६०० ला पक्ष्यांची पिसं कधी छान येतात, कधी सगळं लोण्यासारखं. कॅमेरा डीएसएलआर. कॉपी वाईट असेल का?


बारीकसारीक

रानपाखरू, 'कधी छान' हे तुमचं उत्तर आहे. काचा तिरक्या असत्या तर त्या रोजच तिरक्या राहिल्या असत्या. एकदा जरी ६०० ला पूर्ण फ्रेम शार्प आली असेल तर लेन्स ते करू शकते हे सिद्ध झालं. जे बदलतंय ते बाहेरचं आहे.

सगळ्यात आधी हवा. तापलेल्या जमिनीवरून पन्नास-शंभर मीटर लांबचा पक्षी टिपताना हवेच्या लाटा चित्र मऊ करतात आणि कुठलीही काच त्यावर उपाय नाही. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी, जवळच्या अंतरावर तपासा. समोर यूव्ही फिल्टर असेल तर काढून बघा. लांब फोकल लेंग्थला सुमार फिल्टर फार नुकसान करतो.

दुसरं, ऑटोफोकस. स्थिर वस्तूचा एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, एक लाईव्ह व्ह्यूमधून. लाईव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा दरवेळी एकाच बाजूला चुकलेला, तर फोकसची जुळणी सरकली आहे. बऱ्याच डीएसएलआरमध्ये ते मेनूतून लेन्सगणिक दुरुस्त करता येतं. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवर होतो, म्हणून ही कटकट सहसा नसते.


निरांजनी

एक शंका. माझी ५० मिमी एफ/१.२ ला ठीक, एफ/५.६ ला ठीक, पण एफ/२ ते एफ/२.८ ला मध्येच मऊ. हे कसं काय? ॲपर्चर लहान केलं की शार्पनेस वाढायला हवा ना?


तिपाई

निरांजनी, जवळच्या वस्तूवर पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोकस करून मग ॲपर्चर लहान करता का? तसं असेल तर हा फोकस शिफ्ट. स्फेरिकल ॲबरेशन शिल्लक असलेल्या लेन्समध्ये कडेकडून येणारे किरण आणि मधले किरण वेगळ्या अंतरावर जुळतात. ॲपर्चर लहान केलं की कडेचे किरण कापले जातात आणि फोकस सरकतो. एफ/५.६ पर्यंत गेलं की खोली वाढून तो झाकला जातो, मधल्या टप्प्यात उघडा पडतो. ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करून बघा. हा डिझाइनचा भाग आहे, कॉपी बदलून जाणार नाही.

फार पुढेही जाऊ नका मात्र. एफ/१६ ला डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूची चकती साडेएकवीस मायक्रॉनची होते, म्हणजे ६ मायक्रॉनच्या साडेतीन पिक्सेलइतकी. तिथे उत्तम आणि सुमार लेन्स सारख्याच मऊ दिसतात.


पाणकोंबडा

सगळं करून बघितलं. कॅमेरा उलटा केला तर मऊपणा फाईलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच राहतो, म्हणजे भिंत निर्दोष. दुसरी लेन्स त्याच बॉडीवर चारही कोपऱ्यांत सारखी आहे. त्या कोपऱ्यात फोकस करून सुद्धा तो बाकीच्या तिघांइतका शार्प होत नाही. आणि दूरदर्शींनी सांगितल्याप्रमाणे तारे बघितले: तीन कोपऱ्यांत छोटे पंख, चौथ्यात लांबट रेघ. २४ मिमीला हे खूप कमी होतं, ३५ ला नाहीसं. मात्र ३५ ला नीट बघितलं तर उजवी कड डावीपेक्षा अगदी किंचित मऊ आहे. आता ती बदलून मागू का? आणि ३५ चं काय करायचं?


दूरदर्शी

लांबट रेघ आणि कोपऱ्यात फोकस करूनही सुधारणा नाही, म्हणजे नुसता कल नाही. मी बदलून मागितली असती.


तिपाई

आता तुमच्याकडे पुरावा आहे. मुदत असेल तर बदलूनच घ्या. मुदत संपली असेल आणि सर्व्हिस सेंटरला पाठवणार असाल तर 'सॉफ्ट वाटते' असं लिहून पाठवू नका, त्याने लेन्स 'ठीक आहे' म्हणून परत येते. १६ मिमी एफ/२.८ चे सरळ आणि उलट्या कॅमेऱ्याचे फोटो, ताऱ्यांचा फोटो आणि दुसऱ्या लेन्सचा त्याच बॉडीवरचा फोटो द्या, रॉ फाईलसकट. फोकल लेंग्थ, ॲपर्चर, अंतर आणि कोणता कोपरा हे स्पष्ट लिहा. अनेक लेन्समध्ये एखादा गट सरकवण्याची किंवा खाली बारीक शिम (पातळ चकती) घालण्याची सोय असते, पण दुरुस्त करणाऱ्याला कुठे बघायचं ते कळलं पाहिजे.

रॉ देताना एक काळजी घ्या. वाइड लेन्सच्या फाईलमध्ये डिस्टॉर्शनची दुरुस्ती बहुधा आपोआप लागते आणि तिने कोपरे ताणले जातात. रॉथेरपी किंवा डार्कटेबल या रॉ उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये ती बंद करून बघा. चारही कोपरे सारखेच ताणले जात असल्याने तुमचा निष्कर्ष बदलणार नाही, पण दुरुस्ती न लावलेलं चित्र दाखवलेलं बरं.

३५ ची किंचित मऊ उजवी कड सोडून द्या. झूममध्ये गट सरकतात तसा कलही थोडा बदलतो. १६ ला एका बाजूला आणि ३५ ला दुसऱ्या बाजूला थोडा कल, हे फार झूममध्ये दिसतं. बदलून आलेल्या कॉपीतही काहीतरी थोडं सापडेल. तेव्हा ती आल्यावर आधी १६ चा वरचा डावा कोपरा तपासा, ताऱ्यांवरच.


पाणकोंबडा

मुदत आहे अजून. आजच अर्ज टाकतो, फोटोही जोडतो. नवी कॉपी आली की १६, २४ आणि ३५ चे तारे इथेच टाकतो.